आदरार्थी बहुवचन

१

मला गाडी लागते. बसमध्ये बसलो की दुसऱ्या वळणावर पोटातलं सगळं ओठांशी येतं, आणि शेजारच्या माणसाची नवी पँट त्याच्या कायमची लक्षात राहते. म्हणून आक्काकडे राहायला जायचं तेव्हा मी चालत जायचं ठरवलं आणि सामानासाठी हातगाडी काढली. गाडी लागते म्हणून गाडी लागली. हा विनोद मी इमारतीतल्या प्रत्येकाला सांगितला. कोणी हसलं नाही. इमारत पाडायची होती आणि लोक जिन्यावरून कपाटं उतरवत होते. कपाटाखाली बोटं असली की माणूस विनोदाला मुकतो.

मी रंगारी. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती पांढऱ्या केल्या. माझं खरं नाव मलाही सही करतानाच आठवतं, बाकी सगळे चुन्या म्हणतात. भिंतींना चुना लावतो म्हणून, आणि माणसांनाही लावतो म्हणून. दार वाजवायचं आणि पोस्टमनच्या आवाजात हाक मारायची, कधी इन्स्पेक्टरच्या. आक्काच्या दाराबाहेर तर मी एकदा तिच्या सासूचा आवाज काढला होता. सासू तेव्हा आतच बसली होती, ही गोष्ट मला उशिरा कळली.

आक्का माझी मोठी बहीण. एकटी राहते. तिचे डोळे गेलेत. उजेड कळतो, माणूस कळत नाही. तिनं फोनवर एकच अट घातली.

"ये. मागची खोली रिकामीच आहे. पण एकटा ये. लटांबर घेऊन आलास तर दारातूनच परत लावीन."

लटांबर म्हणजे माझे दोस्त. मी तिच्याकडे कधी एकटा जेवायला गेलोच नाही.

"तेव्हा मला दिसायचं रे," ती म्हणाली. "आता घरात कोण आहे हे मला नक्की माहीत पाहिजे. नाहीतर रात्री झोप नाही लागत. तेव्हा एकटा."

"एकटाच येतो," म्हटलं.

मला दुसरी जागाही नव्हती. माझ्या वयाच्या माणसाला कोणी भाड्यानं खोली देत नाही. आज ठेवला तर उद्या उचलावाही आपल्यालाच लागेल, असा लोकांचा हिशेब असतो, आणि तो चुकीचा नाही.

२

गाडी मी पुढून ओढत होतो. दोन दांड्यांच्या मधे मी, मागं ट्रंक, गादीची वळकटी, शिडी, ब्रशांचा डबा आणि चुन्याची अर्धी गोणी. "गोणी कशाला नेतोय आता?" असं शेजारीण तिच्या नवऱ्यामार्फत विचारती झाली, कारण माझ्याशी ती बोलत नसे. म्हटलं, वाटेत कोणी भेटलं तर लावायला.

शहर सुटता सुटता एका चाकाची हवा गेली. पंक्चरवाला टायरच्या ढिगावर बसून रेडिओ उघडत होता. मला बघून तो उठून उभा राहिला.

"या. कुठून आलात? बसा तुम्ही सावलीत."

हसा हवं तर, पण मला भरून आलं. मला जन्मात कोणी तुम्ही म्हटलेलं नाही. ज्यांची घरं रंगवली त्यांची शेंबडी पोरंसुद्धा "ए चुन्या, इथं राहिलं बघ" असं बोट दाखवून सांगायची. मी चौथीपर्यंत शिकलो, चौथीत दोनदा, कारण मास्तरांना माझ्याशिवाय करमत नसे. त्या सगळ्या शाळेतलं एकच व्याकरण डोक्यात राहिलं, कारण त्यावरून मार खाल्ला होता. मास्तर म्हणाले, माणूस एकच असला, पण मोठा असला, तर तो अनेक असल्यासारखं त्याच्याशी बोलायचं. त्याला म्हणतात आदरार्थी बहुवचन. मी विचारलं, मग मास्तर, तुम्ही एकटेच आहात की पोटात आणखी कोणी आहे? मास्तरांचं पोट तसं होतंच.

तर पंक्चरवाल्यानं पंक्चर काढलं, हवा भरली आणि पाण्याचे दोन पेले आणून गाडीच्या फळीवर ठेवले. मी दोन्ही पेले संपवले. आदर करावा तर असा, म्हटलं. दुसरा पेला उचलला तेव्हा त्याच्या भुवया वर गेल्या.

"येतो," मी म्हटलं.

"या. सांभाळून जा. चढावर आलटून पालटून ओढा म्हणजे थकायला होत नाही."

पुढं बराच वेळ मी डावा हात, उजवा हात, असं आलटून पालटून ओढत राहिलो. काही फरक पडला नाही.

३

रस्त्यावरची माणसं इतकी चांगली असतात हे मला माहीतच नव्हतं. मी आयुष्यभर त्यांच्या घरात शिरलो होतो, आणि घरात माणूस वेगळा असतो. एका ट्रकवाल्यानं थांबून दोर दिला. एका बाईनं खिडकीतून हाक मारून भाकरी दिली, आणि ती मोडून तिचे दोन भाग करून दिले. सगळे तुम्ही म्हणायचे. मी मान ताठ ठेवून चालायला लागलो. पांढरी दाढी आणि गाडी, म्हटलं, साधुपुरुष वाटत असणार.

तब्येतही सुधारत होती. सपाट रस्त्याला गाडी जड लागायची, तीच चढाला हलकी व्हायची. कोणी मागून हात लावावा तशी. घाटाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा मला धापसुद्धा लागली नव्हती. म्हटलं, म्हातारपण म्हणजे डॉक्टरांनी उठवलेली अफवा आहे.

एका संध्याकाळी निवृत्त नर्सबाई भेटल्या, भाजीच्या पिशव्या घेऊन घरी निघालेल्या. मी पिशव्या गाडीवर घेतल्या, त्यांनी मला रात्रीपुरती बाहेरची खोली दिली. लहान खोली, एक खिडकी, भिंतींना पोपटी रंग. रंगाचं काम वाईट होतं, कोपऱ्यांत ब्रश पोचलाच नव्हता. जमिनीवर दोन गाद्या घातलेल्या, मधे स्टूल, स्टुलावर काठोकाठ भरलेला तांब्या. मी खिडकीजवळच्या गादीवर पडलो आणि लगेच मेलो.

सकाळी पाहिलं तर दुसऱ्या गादीची चादर चुरगळलेली. उशीला मधोमध खळगा.

मी झोपेत लोळतो. एकदा खाटेवर झोपून खाटेखाली उठलो आहे. तेव्हा लोळलो असेन, म्हटलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग माझं लक्ष स्टुलाकडे गेलं. स्टूल मधेच होतं, तांब्या काठोकाठ भरलेला होता, आणि खाली जमिनीवर पाण्याचा एक थेंब नव्हता.

नर्सबाईंनी चहा आणला.

"झोप लागली ना तुम्हाला?"

"मेल्यासारखी."

"हो? मला तर बोलणं ऐकू येत होतं. वाईट वाटून घेऊ नका हं. घरात माणसांचा आवाज असला की बरं वाटतं."

"मी झोपेत बडबडतो," मी म्हटलं. "बायकोनं त्यावरच आयुष्य काढलं. जागेपणी मी खरं बोलत नसे."

त्या हसल्या. "बडबडीसारखं नव्हतं पण. मधे मधे थांबत होतात. ऐकून घेतल्यासारखं."

ट्रेमध्ये दोन कप होते. दुसरा त्यांचा असेल म्हणून मी वाट बघितली. त्या कप तसाच ठेवून आत गेल्या. त्या दिवशी मी एकच कप प्यालो.

४

न्हाव्याचं दुकान झाडाखाली होतं. एक खुर्ची, एक टेबल, दगडाला टेकवलेली छत्री. हा न्हावी सगळ्या जगाला तू म्हणणारा. मला त्यातही बरं वाटलं, घरी आल्यासारखं.

"ट्रंकेत काय आहे रे?"

"बायको," मी म्हटलं. "घडी घालून ठेवलीय. इस्त्री मोडते म्हणून बाहेर काढत नाही."

तो असा हसला की वस्तरा बाजूला ठेवावा लागला. आमचं जमलं. त्यानं माझ्या तोंडाला फेस लावला, एक गाल साफ केला.

"मान वर कर तू. हां. कुठं निघालात?"

मी मान वर केली. मग म्हटलं, "एकदा काय ते ठरव बाबा. तू की तुम्ही?"

"तू तर तूच," तो म्हणाला. "तुला कोण तुम्ही म्हणणार? तुम्ही म्हणजे तुम्ही दोघं. सख्खे भाऊ का?"

वस्तरा माझ्या गळ्यावर होता. मी गिळलं नाही.

"कोण दोघं?"

"आता मला चुना लाव." त्याला माझं टोपणनाव माहीत नव्हतं, तो सहज बोलला. "ट्रंकेत बायको, आणि गाडीमागं उभा राहिलाय तो कोणीच नाही. वा."

मी सावकाश मान वळवली. गाडी. शिडी. शिडीची सावली. मागं रस्ता, रस्त्यावर ऊन.

"कसा आहे तो दिसायला?" मी विचारलं.

न्हाव्याचं हसू क्षणभर ओठांवरच थांबलं. मग ते परत सुरू झालं. "झ्याक करतोस रे. चेहरा पण हलत नाही तुझा. अरे, बिचारा कधीचा उन्हात उभा आहे. तुझ्यापेक्षा सज्जन वाटतो. दाढी त्याचीही वाढलीय. तुझं झालं की बसव त्याला."

मी दुसरा गाल तसाच ठेवून उठलो. तो "अरे, अर्धीच राहिली" म्हणून ओरडत होता. मी दांड्या उचलल्या आणि पळत सुटलो. पहिला चढ आला. गाडी इतकी जड लागली की छाती फुटेल असं वाटलं, आणि तरी मला आनंद झाला. तो आनंद दुसऱ्या चढापर्यंत टिकला. दुसऱ्या चढाला गाडी हलकी झाली.

५

आता मी काही खुळा नाही. उभ्या आयुष्यात मी लोकांच्या इतक्या खोड्या काढल्या, की कोणीतरी माझी काढणार हे धरूनच चालतो. पंक्चरवाला, नर्सबाई, न्हावी, भाकरीवाली. यांनी एकमेकांना निरोप दिला असेल. चुन्या येतोय, त्याला दोन पेले द्या. असा विचार करताना मला मोठा धीर आला. मग लक्षात आलं की यांच्यातल्या एकालाही मी चुन्या आहे हे सांगितलेलं नव्हतं.

एका दुकानातून आक्काला फोन केला. नुसता आवाज ऐकावा म्हणून.

"कुठवर आलास?"

"आलो. परवा दुपारी पोचतो."

"एकटा ना?"

मी उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली, "हां, ठीक. पण एकदाच बोल. लाइनीत तुझा आवाज दोनदा येतोय."

त्यावर मी अजून तोंडच उघडलं नव्हतं. फोन ठेवून दुकानदाराकडे बघितलं. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून म्हणाला, "तुम्हाला अजून काही हवं का?" मी मागं वळलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर कोणी नसताना मी गोणी उघडली. शेवटी चुनाच माझा. सपाट जागा बघून हातभर रुंद, गाडीच्या लांबीएवढा पट्टा रस्त्यावर भुरभुरला, चांगला जाडसर. मग एक चाक माझ्या पावलांवरून येईल अशी गाडी वळवत त्यावरून ओढून नेली, पुढं जाऊन थांबलो, आणि कडेनं, चुन्यात पाय न टाकता, मागं आलो.

माझ्या पायांचे ठसे होते. त्यांच्यावरून चाकाची रेघ गेलेली, बरोबर आहे, मी पुढं असतो, चाक मागून येतं. रेघेनं माझी टाच कापलेली स्पष्ट दिसत होती.

आणि चाकाच्या रेघेवर आणखी ठसे होते. रेघ मोडून. चाक गेल्यानंतर पडलेले. बोटांकडची बाजू खोल, टाच उथळ. ढकलणाऱ्या माणसाची असते तशी.

मी ते पायानं पुसले आणि चालायला लागलो. दुसरं काय करणार. बसून राहिलो असतो तर दोघंही बसलो असतो.

६

आक्काचं गाव दिसायला लागतं तिथं रस्त्याला फाटा आहे. मी गाडी उभी केली आणि दांडीवर बसलो. तोंड गावाकडे, पाठ गाडीकडे.

मला आक्काचं घर डोळ्यांपुढं दिसत होतं. तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. मागच्या खोलीत मी, आणि माझ्यामागं. ती ताट वाढणार, भिंतीला हात लावत चालणार, आणि घरात कोण आहे हे तिला माहीत नसणार. तिनं माझ्याकडे आयुष्यात एवढंच मागितलं होतं.

"हे बघा," मी म्हटलं. मलाही तुम्हीच म्हणावंसं वाटलं. "तुम्ही कोण ते मी विचारत नाही. चढावर हात लावलात, उपकार झाले. पण पुढं माझ्या बहिणीचं घर आहे. तिला मी एकटा हवा आहे. तुम्ही आलात तर माझंही दार बंद होईल, आणि मला दुसरं दार नाही."

मागं काही हललं नाही. शिडीला बांधलेला दोर वाऱ्यानं फळीवर आपटत होता, तेवढाच आवाज.

"तेव्हा आता..."

जा म्हणायला जीभ वळेना. आईनं ते लहानपणी आम्हा भावंडांकडून घोटून घेतलं होतं. निघणाऱ्याला जा म्हणायचं नाही, या म्हणायचं. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. मी हजार खोड्या केल्या, पण ते कधी मोडलं नाही.

"तेव्हा या आता तुम्ही," मी म्हटलं.

दोर आपटायचा थांबला. कोणीतरी हातात धरावा तसा. आणि शिडीच्या मागून, हळू आवाजात, अगदी अदबीनं कोणी म्हणालं,

"येतो."

आवाज ओळखीचा वाटला. पण स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून कुठं ओळखता येतो.

मी दांड्या उचलल्या. गाडी जड होती. चढ आला तरी जडच होती. खांदे निखळायला आले, डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि मी मोठमोठ्यानं हसत, रडत, गाणी म्हणत चढत होतो. वाटेत एक शेळीवाली भेटली. ती म्हणाली, "कुठं चाललास रे म्हाताऱ्या?"

चाललास. मी तिच्या पाया पडणार होतो. ती घाबरून शेळ्या घेऊन बाजूला झाली.

७

भर दुपार. आक्काच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिचं दार निळं आहे, मीच रंगवलेलं, एक ओघळ आलाय तो अजून तसाच. मी गाडी भिंतीला लावली आणि चाकाखाली दगड सारायला वाकलो.

माझी दार वाजवायची एक पद्धत आहे. आधी सावकाश थापा, मग भराभर, आणि शेवटी मांजर ओरबाडतं तसं नखानं. जगात दुसरं कोणी तसं वाजवत नाही.

दगड माझ्या दोन्ही हातांत होता, तेव्हा आक्काच्या दारावर सावकाश थापा पडल्या. मग भराभर. मग नख ओढल्याचा आवाज आला.

गाडी मधे होती. मला फक्त दाराची खालची फळी दिसत होती.

"कोण?" आक्काचा आवाज.

"मी."

"एकटा?"

"एकटा."

तो खोटं बोलला नाही.

कडी निघाली. "ये रे बाबा," आक्का म्हणाली. "ये. केवढा वाळलास. थांब, गाल बघू. अरे वा, दाढी करून आलास. शहाणा झालास की म्हातारपणी."

मी उभा राहिलो तोवर दार मिटत होतं. उंबऱ्याच्या आत जाणारी एक टाच तेवढी दिसली. भेगाळलेली, पांढऱ्या चुन्यानं माखलेली. तिच्यावरून आडवी चाकाची रेघ गेलेली.

मी धावत जाऊन दार वाजवलं. माझ्या पद्धतीनं नाही. दोन्ही मुठींनी.

"कोण आहे?"

"आक्का, मी. मी चुन्या. आक्का, दार उघड, आत कोण आहे ते..."

मग तिचा आवाज आला, माझ्याकडे पाठ करून बोलल्यासारखा. "बघ, आलं का तुझं लटांबर? एकटा ये म्हटलं होतं. हुबेहूब तुझा आवाज काढतोय मेला."

आणि आतून कोणी हसलं. मी हसतो तसं, आधी नाकातून, मग खोकल्यात. सासूच्या आवाजाची खोडी झाली त्या दिवशी मी या दाराबाहेर असाच हसलो होतो.

"आक्का, तुला कळत नाहीये. मी रंगारी. दाराला ओघळ आहे तो माझा आहे. आक्का, आईची शपथ."

"शपथा घालू नका हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती परक्यांशी नेहमी नीटच बोलते. "कोण तुम्ही?"

तुम्ही.

मी दाराला कपाळ टेकलं. लाकूड उन्हानं तापलेलं होतं. आत ताट ठेवल्याचा आवाज झाला, मग पेल्याचा. एक ताट, एक पेला. पाट सरकला. आक्का भिंतीला हात लावत दाराजवळ आली, तिच्या बांगड्या घासत आल्या त्यावरून कळलं. ती पलीकडे अगदी माझ्यासमोर उभी होती. तिनं आतून कडी पुन्हा चाचपून बघितली.

"माझा भाऊ दमून आलाय," ती म्हणाली. "त्याला जेवू द्या. या आता तुम्ही."

मी गाडीकडे बघितलं. दगड चाकाखाली अर्धाच गेला होता.

म्हटलं, "येतो, आक्का."